वाल्मिकरावांचा शेवगा

त्या रविवारी वाल्मिकरावांनी ठरवलं की आज भाजी विकत आणायची नाही. (एवढ्याशा गोष्टीवरून माणूस दवाखान्यात पोचू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.)

शहापुरातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या फाटकाशी एक उंच झाड होतं. बिल्डरने कुठल्याशा शहरातून आणून लावलेलं. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी त्याखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. वाल्मिकराव मुरबाडकडचे, भातशेतीच्या घरातले, त्यामुळे झाडांचं आपल्याला कळतं असं त्यांचं ठाम मत होतं. (गाव सुटलं तेव्हा ते चौथीत होते.) पिशवीभर फुलं वेचून ते घरात आले.

"शेवगा गो हा, अक्षदा! पीठ पेरून भाजी कर."

बायकोने फूल हुंगलं. "अहो, ह्याला अत्तरासारखा वास येतोय."

"शहरातला शेवगा आहे. येणारच!"

दुपारी वाल्मिकराव दोनदा मागून जेवले. आटगावहून आलेल्या सासूबाईंना म्हणाले, "आई, जराशी उग्र आहे, पण अशी भाजी तुमच्याकडे नाय मिळायची." सकुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान हलवली.

मग ते बढाई मारायला खाली शेजारच्या संदेशकडे गेले.

"शेवगा?" संदेश म्हणाला. "ह्याला कधी शेंग बघितली काय तुमी?"

संदेशने कुंपणाबाहेर उभं राहून मोबाइलवर फोटो काढला आणि झाडं ओळखणाऱ्या ॲपला दाखवला. ॲपने क्षणात निकाल दिला. कण्हेर. विषारी. हृदयाचे ठोके बिघडतात.

वाल्मिकरावांनी छातीवर हात ठेवला. ठोके बिघडले होते. जीभ जड झाली होती. आणि घरात दोघीजणी तीच भाजी खाऊन बसल्या होत्या, त्यांनी स्वतःच्या हातांनी आणलेली. त्यांनी झाडाची एक डहाळी तोडून खिशात कोंबली आणि जिना चढले.

वर सकुबाई डोळे मिटून निपचित पडल्या होत्या.

"आई! डोळे उघडा, आई!" वाल्मिकरावांनी हंबरडा फोडला.

सकुबाईंनी डोळे उघडले. "काय झालं जावयबापू? चहा ठेवला काय?"

"विष आहे भाजीत, चला!" म्हणत त्यांनी दोघींना रिक्षात कोंबलं.

"अहो, विष कसलं? ऐका तरी..."

"बोलू नको गो! बोललं की अंगात चढतं!" त्यांनी अक्षदाचा हात घट्ट धरला. सासूबाईंसमोर, भर रस्त्यात, लग्नानंतर पहिल्यांदाच. डोळ्यांत पाणी आलं. "माझं चुकलं. तुला काय झालं तर मी कुणाकडं बघू?"

अक्षदा काहीतरी सांगणार होती. ती गप्पच बसली. हातही सोडवून घेतला नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. "तिघांनी कण्हेर खाल्ली!" असं ओरडत वाल्मिकरावांनी संदेशने पाठवलेला फोटो पुढे केला. बाईंनी तो मोठा करून पाहिला.

"ही कण्हेर तुमच्या कुंपणाची आहे. ॲपने पुढचंच बघितलं. मागच्या झाडाचं काही आणलंय?"

वाल्मिकरावांनी खिशातून डहाळी काढली.

"शेवग्याचं पान टोकाला गोलसर असतं. ह्याला बघा कसं टोक आहे. फूल असतं तर नक्की सांगता आलं असतं."

अक्षदाने आईच्या डोक्यावरचा पदर मागे सारला. अंबाड्यावर लांब दांड्यांच्या पांढऱ्या फुलांची भरगच्च वेणी होती.

"अगं बाई, बुचाची फुलं!" डॉक्टरीणबाई हसल्या. "शेवग्याच्या फुलाला एवढी लांब दांडी कुठली? आमच्या कॉलेजच्या वाटेवर ओळीने होती ही झाडं. विषारी म्हणून कधी ऐकलं नाही. पण ह्याची भाजी?"

वाल्मिकराव वेणीकडे बघतच राहिले. सगळी फुलं इथे होती.

"मग मी खाल्लं काय?"

"मुळा," अक्षदा खाली बघत म्हणाली. "किसून, पीठ पेरून. आईला आवडतो. तुमी त्याला घरात शिरू देत नाय, म्हणून बोलले नाय. आणि रिक्षात तुमी बोलू कुठं दिलंत?"

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली. "ठोके तेवढे घाबरल्याने वाढलेत. दुसरा काही त्रास?"

"छे! काहीच नाही," वाल्मिकराव उरलीसुरली अब्रू सावरत म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांना पोटाच्या तळापासून एक दणदणीत ढेकर आला.

डॉक्टरीणबाईंनी उठून खिडकी उघडली.