सामाईक खंडाची वाटणी

सातिवलीच्या नाक्यावर भरारी पथकाने संपदा पाटणकरांचा टेम्पो अडवला, तेव्हा त्यात दगडाच्या चार गोण्या होत्या आणि परवाना एकही नव्हता. त्याच वेळी शेजारून मुरुमाचे अकरा डंपर गेले. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण ते रोजचेच होते.

संपदा भूगर्भशास्त्राची प्राध्यापिका. गोण्यांत चंद्रपूरकडचा तेरा कोटी वर्षांचा वालुकाश्म होता. भारत आणि अंटार्क्टिका एकाच महाखंडात असताना तिकडून नदीने वाहून आणलेल्या वाळूचा तो दगड झाला होता. चौथ्या गोणीतल्या थरात ती वाळू येणं एकाएकी थांबलं होतं. महाखंड फुटल्याची तारीख तिथेच असणार, असा संपदाचा पाच वर्षांचा हिशेब होता. जिथून तो थर काढला ती दरड नंतर खाणीने खाल्ली, त्यामुळे दुसरा तुकडा मिळणार नव्हता. सातिवलीतल्या एका गाळ्यात दगडाचे काप करून घ्यायचे आणि एकवीस तारखेला कणांचं वय सांगणाऱ्या यंत्रावर न्यायचे, असं ठरलं होतं. दीड वर्ष थांबल्यावर तिचा नंबर लागला होता.

गोण्या जप्त होऊन तहसील कार्यालयाच्या आवारात गेल्या. सोडवण्याच्या अर्जात ‘मूळ ठिकाण’ असा रकाना होता. संपदाने तिथे खरं ते लिहिलं. शिकलेल्या माणसाची खोड, दुसरं काय.

"अंटार्क्टिका?" अव्वल कारकून श्रीपत म्हात्रे अदबीने म्हणाले. "तिथली वाळू इथे कशी आली, मॅडम?"

"नदीने आणली. तेव्हा दोन्हीकडची जमीन एकच होती."

"म्हणजे नदीची वाळू. लिलाव झाला होता?"

"ती नदी आता नाही."

"म्हणजे नदी संपेपर्यंत उपसा केलात." त्यांनी तशी नोंद घेतली. "आणि जमीन सामाईक. वाटणी कधी झाली?"

"तेच तर शोधतेय. त्याचा पुरावा चौथ्या गोणीत आहे."

"मग पुरावा दाखवा, गोणी सोडतो."

"गोणी सोडा, पुरावा दाखवते."

"मॅडम, पुराव्याशिवाय जप्त माल सुटत नाही," श्रीपतराव समजुतीच्या सुरात म्हणाले.

बाकावर गिरीजचे ज्युलियस तुस्कानो बसले होते. केळीच्या वाडीची भावाशी वाटणी होऊन सव्वीस वर्षं झाली होती, फेरफार तेवढा व्हायचा होता.

"बाय, चंद्रपूर लिहायचं नि गप बसायचं," ते म्हणाले. "आम्ही दोघेच भाऊ, तरी आमचं हे असं. तुझे तर हिस्सेदार समुद्रापार."

हिस्सेदारांच्या हरकती मागवणारी नोटीस फलकावर लागली. पंधरा दिवसांत अंटार्क्टिकाकडून कुणी आलं नाही. एक बिल्डर तेवढा येऊन तिथे जायचा रस्ता किती फुटी आहे, ते विचारून गेला. हिस्सेदार गैरहजर, म्हणून नियमानुसार त्यांना आणखी पंधरा दिवस देण्यात आले. त्यातच एकवीस तारीख आली नि गेली. त्या दिवशी संपदा टेबलापाशी उभ्या उभ्या रडली. श्रीपतरावांनी तिला पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता.

पुढच्या महिन्यात सुटकेचा आदेश निघाला. आवारात गोण्या नव्हत्या.

"लोकहितार्थ वापरल्या," श्रीपतराव म्हणाले. "नाक्यावरच्या खड्ड्याची फार ओरड होती."

संपदा नाक्यावर गेली. वरून लाव्हा वाहून गेला तरी शाबूत राहिलेल्या त्या थराचा मुरुमाच्या डंपरांनी दोन दिवसांत भुगा केला होता, आणि खड्डा पुन्हा होता तेवढाच झाला होता. तिने वाकून चिमूटभर भुगा रुमालात बांधला. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

घरी येऊन तिने परिसराचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला. खड्डा भरल्याचा फोटो तिथे होताच, त्यावर एकसष्ट अंगठे. संपदाने लिहिलं, ‘हे दगड कुणाचे होते, कुणी विचारलं का?’ लगेच उत्तर आलं, ‘चांगलं काम होतंय, त्यात राजकारण नको.’ त्याला चौऱ्याहत्तर अंगठे मिळाले.

ते अंगठे कुणाकुणाचे, हे शोधायला दगड फोडावे लागत नाहीत. आपला फोन आपल्याच खिशात आहे.