सूनबाईसाठी आडोसा

"सून आज संध्याकाळी नांदायला येतेय, आणि घरात खोली एकच!" गिरिजाबाईंनी भाजी चिरता चिरता नवऱ्याला, वेणीमाधवरावांना, बजावलं. "मधे कूड घाला. मी आले तेव्हा या घरात पदर नीट करायलाही आडोसा नव्हता. तिचं तसं नको."

त्या काळच्या सोलापुरात घरं लहान आणि माणसं फार, तरी कुणाला अडचण म्हणून वाटत नसे. निदान पुरुषांना तरी! बांबूचे तट्टे उभे करून शेणामातीनं लिंपले, की दुपारपर्यंत खोली तयार. पण वेणीमाधवराव बांधकाम कचेरीत कारकून. साहेबांची एस्टिमेटं नकलून नकलून आपणही पूल बांधू शकतो अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी टेप लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माप घेतलं आणि सामान सांगितलं. "एक काडी उरायची नाही, एक काडी कमी पडायची नाही!"

आणि खरंच तसंच झालं. कामाला बोलावलेला गडी बिरप्पा बाहेरून तट्टे बांधत गेला, गिरिजाबाई आतून लिंपत गेल्या. शेवटचा तट्टा बसला तेव्हा काथ्यासुद्धा नेमका संपला.

"अगं, बाहेर येऊन बघ तरी!" राव खुशीत म्हणाले.

आतून कूड चाचपल्याचा आवाज आला. मग, "कुठून येऊ?"

राव कुडाकडे बघतच राहिले. "दार हिशेबात धरायचं राहिलं वाटतं."

"तुमीच म्हनला की, भितीपासनं भितीपत्तुर." बिरप्पानं कोयता उचलला. "कापतो. लई येळ न्हाय लागायचा."

"खबरदार!" आतून आवाज आला. "कुंकवानं स्वस्तिक काढलंय मी. सून यायच्या आधी भिंत फोडायची? काय हे अभद्र!"

तेवढ्यात टांगा आला. मुलगा यज्ञेश्वर नव्या बायकोला, प्रभाला, घेऊन दारात उभा. भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय सुनेला आत घ्यायचं नाही, आणि ओवाळणारी सासू तर कुडाच्या आत! शेवटी वरात कुडाआडच्या भागाच्या, गल्लीकडे उघडणाऱ्या खिडकीशी गेली. रावांनी भाकरी आत दिली, गिरिजाबाईंनी गजांतून हात काढून ती ओवाळली. सगळी गल्ली बघायला लोटली. प्रभा पदरात तोंड लपवून हसत होती. मग ती उजवं पाऊल टाकून घरात आली.

"आक्का, आता फोडू व्हय?" बिरप्पानं विचारलं.

आतून एक लांब सुस्कारा ऐकू आला. प्रभा घाबरून कुडाजवळ गेली. "सासूबाई, बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय गं," आतून गिरिजाबाई हळूच म्हणाल्या. "बिरप्पा, आज राहू दे रे. मी जरा पाय पसरून बसलेय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच."