सात नगांचा एकांत

एका जंगलात, मुलांनो, करवंदीची एक दाट जाळी होती. तुम्ही जंगलात जायचं म्हणालात की तुमची आई आधी स्वेटर भरते. मग टोपी. मग पहिला स्वेटर भिजला तर म्हणून दुसरा स्वेटर. पण या जाळीत जो राहत होता, त्याच्याकडे एकही स्वेटर नव्हता. त्याच्याकडे काहीच नव्हतं.

त्याचं नाव खवलोबा. तो खवल्या मांजर होता. नावात मांजर असलं तरी हा प्राणी मांजर नव्हे. अंगभर खवले, हातभर जीभ आणि तोंडात दात एकही नाही. दिवसभर बिळात झोपायचं, उन्हं कलली की बाहेर यायचं. वारूळ उकरायचं, मुंग्या चाटायच्या, झऱ्यावर पाणी प्यायचं. कुणी अंगावर आलं तर अंगाची गुंडाळी करायची आणि ते कंटाळून जाईपर्यंत तशीच ठेवायची.

अशी अकरा वर्षं गेली होती. आपण एकटे राहतो हे खवलोबाला ठाऊक नव्हतं. तसं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. वाटेत कुणी भेटलं की विचारायचं, "कसं काय चाललंय?" समोरच्यानं म्हणायचं, "चाललंय कसंबसं." गव्यासारख्या गव्यानंसुद्धा म्हणायचं, "अंगात ताकद राहिली नाही हो पहिल्यासारखी." मोरानं म्हणायचं, "पिसांना पूर्वीचा रंग नाही." मग दोघांनी एकेक सुस्कारा सोडायचा आणि आपापल्या वाटेला लागायचं. फार सोयीची रीत. कुणाचा वेळ जात नसे आणि कुणाच्या पोटात दुखत नसे.

खवलोबाला कधी कुणी भेटतच नसे. त्यामुळे ही रीत त्याच्या कानावर आली नव्हती.

एका संध्याकाळी तो झऱ्यावर पाणी पीत होता. वर जांभळीच्या फांदीवर भिंगरू नावाचा एक तरुण वानर बसला होता. भिंगरू राहायचा उंबरवाडीत. उंबरवाडी म्हणजे एक भलंमोठं उंबराचं झाड आणि त्यावर त्रेचाळीस वानरं. कुणाची शेपटी कुणाच्या नाकात जाईल याचा नेम नाही. भिंगरूनं त्या दिवशी सकाळपासून आत्याच्या डोक्यातल्या उवा वेचल्या होत्या आणि आत्यानं सकाळपासून त्याच्या लग्नाचं बोलणं काढलं होतं.

"कसं काय चाललंय, आजोबा?" भिंगरूनं रीतीप्रमाणे विचारलं.

खवलोबा विचारात पडला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला काही विचारत होतं. एवढं आपुलकीनं विचारतंय, तर नीट उत्तर द्यावं असं त्याला वाटलं. त्यानं आपलं बीळ आठवलं. मुंग्या आठवल्या. दुपारची झोप आठवली.

"मजेत," तो म्हणाला.

भिंगरू फांदीवरून पडता पडता राहिला. "काय म्हणालात?"

"मजेत चाललंय. काही कमी नाही."

"घरात कोण कोण असतं?"

"मी."

"आणि सामान काय काय आहे?"

"कसलं सामान?"

भिंगरू पाणी न पिताच पळत सुटला. खवलोबाला वाटलं, पोराला काहीतरी काम आठवलं असेल.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, भिंगरू तसाच उठून एखाद्या जाळीत जाऊन राहिला. तसं नसतं. एकटं राहायचं तर आधी तयारी लागते आणि तयारी एकट्यानं होत नाही. भिंगरू गेला साळूताईंकडे.

साळूताई म्हणजे साळिंदर. त्या एकदा दोन दिवस वाट चुकल्या होत्या. तेव्हापासून त्या एकांतावर व्याख्यानं देत.

त्यांनी भिंगरूचं सगळं ऐकून घेतलं, पाठीवरचा एक काटा उपटला आणि पळसाच्या पानावर यादी लिहिली. दोर एक. घोंगडी एक. करवंटी एक. चकमक एक. विळा एक. मिठाची पुडी एक. शिट्टी एक. "सात नग," साळूताई म्हणाल्या. "याहून एक जास्त नको. आपल्याला साधं राहायचंय."

"शिट्टी कशाला, ताई?"

"एकटं वाटलं तर एकदा वाजवायची. फार एकटं वाटलं तर दोनदा."

बातमी उंबरवाडीत पोचली आणि एकच कल्ला झाला. चुलत भाऊ म्हणाले, "हा एकटा राहणार आणि आम्ही काय इथं शेपट्या मोजत बसणार?" आत्यानं डोळ्यांना पदर लावल्यासारखं केलं. "पोराला एकटं कसं धाडायचं? मीपण एकटी येते त्याच्याबरोबर."

अशी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नावं नोंदवली गेली. सरावाला जागा कोणती? साळूताईंनी लगेच ठरवलं. करवंदीची जाळी. तिथं एक अनुभवी गृहस्थ आयतेच राहतात.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खवलोबा गाढ झोपेत होता. अचानक डोक्यावर धाडधाड आवाज झाले. त्यानं बिळातून नाक बाहेर काढलं. जाळीत जिकडेतिकडे वानरं. कुणी दोराच्या गाठी शिकतंय, कुणी चकमकीनं आपलीच शेपटी भाजून घेतंय. दोन खोडांमध्ये वेल बांधून तिच्यावर त्रेचाळीस घोंगड्या वाळत घातलेल्या.

"आजोबा, उठलात?" भिंगरू आनंदानं ओरडला. "हे सगळं तुमच्यामुळं!"

खवलोबानं नाक आत घेतलं. पडून राहिलो की जातील, असं त्याला वाटलं. आजवर सगळे गेले होते. बिबट्यासुद्धा गेला होता.

पण हे बिबटे नव्हते. हे शिकायला आले होते.

एका वानराला एकटं वाटलं. त्यानं शिट्टी वाजवली. ती ऐकून दुसऱ्याला वाटलं, अरे, मलाही वाटतंय की. त्यानंही वाजवली. मग आत्यानं दोनदा वाजवली. सूर्य मावळेपर्यंत जाळीत शिट्ट्याच शिट्ट्या. खवलोबाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. संध्याकाळी तो नेहमीच्या वारुळावर गेला, तर त्यावरच कुणीतरी विळ्याची धार तपासून बघितली होती. मुंग्या बिऱ्हाड हलवून कधीच निघून गेल्या होत्या.

असे चार दिवस गेले. झोप नाही, मुंग्या नाहीत. खवले अंगावर सैल झाले. पाचव्या दिवशी खवलोबानं भिंगरूला बाजूला घेतलं.

"बाळा, हे कधी संपायचं?"

"तयारी झाली की संपेल, आजोबा."

"मग पुढं?"

"मग एकटं राहायचं."

"कुठं?"

"इथंच."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. पण प्रत्येकानं स्वतंत्रपणे." भिंगरूचे डोळे चमकत होते. खवलोबाला त्याचा राग करता येईना. पोरगं मनापासून बोलत होतं. मनापासून बोलणाऱ्यापुढं गुंडाळी करून काही उपयोग होत नाही.

त्याच दुपारी साळूताई तपासणीला आल्या. एकेक वानर उभं राहून आपले सात नग दाखवत होतं. मोजणी बिळापाशी आली.

"हं, आजोबा. तुमचे सात नग?"

"माझ्याकडे नाहीत."

"मग किती आहेत?"

"एकही नाही."

जाळीत कुजबुज झाली. साळूताईंचे काटे हळूहळू उभे राहिले. "आजोबा, किमान सामान म्हणजे सात नग. शून्य म्हणजे किमान नव्हे. शून्य म्हणजे हयगय."

"पण मी अकरा वर्षं इथंच..."

"तेच म्हणते मी! अकरा वर्षं विनातयारी! काही झालं असतं म्हणजे?"

"पण काही झालं नाही."

"नशीब तुमचं." साळूताईंनी मान हलवली. त्रेचाळीस वानरांनी च्‌ च्‌ केलं. "कमाल आहे बाई," आत्या म्हणाली. "या वयात मिठाची पुडी नाही घरात."

खवलोबानं आपली गुंडाळी केली. त्याबरोबर टाळ्या पडल्या. "पाहा, पाहा! पाठ कशी ठेवलीय पाहा!" साळूताई म्हणाल्या. सगळ्यांनी गुंडाळी करून पाहिली. आत्याची कंबर धरली आणि तिला सोडवायला चौघे लागले.

मग साळूताईंनी निर्णय सांगितला. आवाज अगदी मऊ केला होता. "आजोबा, उद्या संध्याकाळपर्यंत सात नग बिळात दिसले पाहिजेत. नाहीतर तुम्हाला इथं एकट्यानं राहू देता येणार नाही. तुमच्याच काळजीपोटी सांगते."

भिंगरूनं रात्रीतून सात नग जमवून आणले. स्वतःची घोंगडीसुद्धा दिली. सकाळी खवलोबानं सामान बिळात न्यायला सुरुवात केली. आधी घोंगडी नेली. मग दोर, करवंटी, चकमक. विळा तिरका करून घातला. मिठाची पुडी कोपऱ्यात बसली. शेवटी शिट्टी ठेवली.

सातही नग बिळात नीट मावले. खवलोबा मावला नाही.

तो बराच वेळ आपल्या दारात उभा राहिला. साळूताईंनी बिळात डोकावून पाहिलं आणि पळसाच्या पानावर बरोबरची खूण केली. "आता कसं! आता हे घर एकट्यानं राहण्याजोगं झालं."

खवलोबा वळला आणि चालू लागला. तो गेला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे एकांताच्या गडबडीत होते.

वाटेत एका वळणावर त्याला गवा आणि मोर समोरासमोर येताना दिसले. तो घाणेरीच्या झुडपाआड थांबला. "कसं काय चाललंय?" मोरानं विचारलं. "कसंबसं," गवा म्हणाला. "गुडघे धरलेत. तुमचं?" "आमचं काय. पिसं गळतात." दोघांनी सुस्कारा सोडला. दोघे दोन दिशांना गेले. गव्यानं मोराला घरी बोलावलं नाही. मोर गव्याच्या मागे लागला नाही.

खवलोबानं घाणेरीआडच ते शब्द दोन-तीनदा स्वतःशीच पुटपुटून पाहिले.

चालता चालता तो एका भल्यामोठ्या उंबराखाली आला. झाडावर कुणी नव्हतं. खाली पिकल्या उंबरांचा खच पडला होता, कारण खाणारे सगळे करवंदीत साधं राहायला गेले होते. आणि त्या खचावर मुंग्या होत्या, मुलांनो. लाल, काळ्या, बारीक, मोठ्या. अकरा वर्षांत पाहिल्या नव्हत्या इतक्या.

खवलोबानं मुळांमध्ये एक बीळ खणलं. स्वतःपुरतं. त्या दिवशी तो झोपला तो दुसऱ्या दिवशीची उन्हं कलल्यावरच उठला.

पंधरा दिवसांत त्याचे खवले पुन्हा घट्ट बसले. आणि मग एका संध्याकाळी भिंगरू आला. आत्याची उशी राहिली होती, ती न्यायला. सात नगांत उशी नव्हती, पण आत्यानं ती घोंगडीच्या नगातच मोजली होती. भिंगरू वाळला होता. त्याच्या कानाभोवती कसल्याशा चिंध्या बांधलेल्या होत्या, बहुतेक शिट्ट्यांसाठी.

त्यानं वर पाहिलं. रिकाम्या फांद्या. उशी हातात घेऊन तो नुसता उभा राहिला. एक पान पडलं तेही ऐकू आलं. त्यानं कानाच्या चिंध्या सोडल्या.

"इथं किती शांत आहे," तो हळूच म्हणाला.

आणि मग त्याला मुळांतून डोकावणारं नाक दिसलं. "आजोबा! तुम्ही इथं? कसं काय चाललंय?"

खवलोबाच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तेच, खरं उत्तर. त्यानं हातभर जिभेवर ते आवरलं. त्याला मऊ माती आठवली, मुंग्या आठवल्या, बिळात नीट मावलेले सात नग आठवले.

"काय सांगू, बाळा," तो म्हणाला. "कसंबसं चाललंय. तोंडात दात एकही नाही. दिसतंही कमी. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही."

'कसंबसं' एवढं रीतीपुरतं, बाकी यात खोटं काहीच नव्हतं. जन्मल्यापासून त्याला दात नव्हते, लांबचं दिसत नव्हतं आणि खवल्या मांजर रात्री कधीच झोपत नाही.

"पण जागा शांत आहे," भिंगरू म्हणाला.

"शांत म्हणजे भकास हो. बोलायला चिटपाखरू नाही."

भिंगरूनं पुन्हा एकदा वर पाहिलं. त्याला काहीतरी कळत होतं, अगदी ओठांवर येत होतं. तेवढ्यात लांबून जाळीकडून शिट्टी ऐकू आली. दोनदा. आत्याची होती.

भिंगरूनं सुस्कारा सोडला. "तुम्ही सात नग सोडून आलात, तिथंच चुकलं, आजोबा." त्यानं उशी डोक्यावर घेतली आणि तो वाटेला लागला.

खवलोबानंही रीतीप्रमाणे एक सुस्कारा सोडला. मग तो मुंग्या खायला बसला.

भिंगरूनं जाळीत जाऊन सांगितलं, उंबरवाडीत काही अर्थ राहिलेला नाही, म्हाताऱ्याचे फार हाल आहेत. साळूताईंनी ते आपल्या व्याख्यानात घेतलं. तयारीशिवाय एकटं राहणाऱ्याचं काय होतं, याचं उदाहरण म्हणून त्या आजही खवलोबाची गोष्ट सांगतात आणि ऐकणारे डोळे पुसतात. त्यामुळे उंबराकडे पुन्हा कुणी फिरकलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, सुखानं राहायला काहीही लागत नाही. पण ते सुख टिकवायचं असेल, तर कुणी विचारल्यावर चांगलं कण्हता आलं पाहिजे. नेहमी खरं बोलावं. फक्त त्यातलं दुखरं तेवढं आधी बोलावं.