चिबडातले सुभेदार

आमच्या शेजारचे सुभेदार आबा झाडांच्या बदल्या करतात. चेष्टा करत नाही मी. चांगलं रुजलेलं करंजाचं झाड मातीच्या गड्ड्यासकट उकरायचं, पाटीत घालायचं आणि चार पावलं खाली नेऊन परत लावायचं. एकदा मला राहवलं नाही.

"आबा, अहो बरं चाललं होतं की त्याचं! कशाला छळताय?"

"पोस्टिंग चुकली हुती, बाई," आबा कमरेवर हात ठेवून म्हणाले. "हितं ह्याचं पाय कोरडं ऱ्हात हुतं. शिपाई नाराज हुता."

झाड नाराज आहे हे यांना कसं कळतं, ते मी विचारलं नाही. शाळेत पोरांशी डोकं लावून घरी आलं की मला पुन्हा वाद नको असतो.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन कुंडलजवळच्या या मळ्यात आले, तेव्हा आबा नुकतेच फौजेतून निवृत्त झाले होते. आमच्या घराच्या खालच्या अंगाला त्यांचं रान आणि वरच्या अंगाला त्यांच्या धाकट्या भावाचं, तात्यांचं. तात्यांचा ऊस, आणि तात्यांचं पाणी देणं म्हणजे काय विचारू नका! सरीत घोटा बुडल्याशिवाय उसाला पाणी दिलं असं त्यांना वाटतच नाही. मोटर आपोआप सुरू होणारं यंत्र पोरानं आणून दिलं, ते त्यांनी माळ्यावर टाकलं. रोज सकाळी स्वतः जाऊन बटण दाबायचं. मोटरीला बायकोलासुद्धा हात लावू द्यायचा नाही.

वरून एवढं पाणी सोडल्यावर ते खालीच उतरणार. आबांच्या रानात पाझर फुटला तो फुटलाच. ऊस पिवळा पडला, गहू कुजला, बैल रुतायला लागले. जमीन अशी बारा महिने पाण्यानं फुगून बसली की तिला आमच्याकडे चिबड म्हणतात. चिबड झाली म्हणजे संपली, असं सगळे धरून चालतात.

गावानं सल्ले द्यायला काय जातंय? कुणी म्हणालं चर खणा, कुणी म्हणालं भावावर केस करा. आबांनी ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "पानी आलंय न्हवं? मग पानी पिनारी मंडळी भरती करू."

आणि खरोखर भरती सुरू झाली. जिथं पाणी साचून राहतं तिथं वाळुंज. त्याच्या वर अर्जुन आणि जांभूळ, कडेला करंज, उंबर. बांधावर निर्गुडी इतकी दाट लावली, की पलीकडचं तात्यांचं रान दिसेनासं झालं. एका पुढाऱ्यानं गुलमोहराची रोपं पाठवली, तर आबांनी ती दारातूनच परत केली. "पावना मानूस चिखलात कशाला हुबा करायचा? आपली हितलीच पोरं बरी."

वाळुंजाच्या फांद्या त्यांनी वाईहून, नदीकाठावरून आणल्या. मी माहेराहून येत होते, तर साताऱ्याच्या स्टँडवर मी चढले तीच नेमकी त्यांची एसटी. आबा ओल्या पोत्यात गुंडाळलेला भारा मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेले. पोत्याचं पाणी शेजारच्या माणसाच्या धोतरावर. कंडक्टर म्हणाला, लगेजचं तिकीट काढा. आबा म्हणाले, "लगेज न्हाई. जवान हायत. ड्युटीवर निघाल्यात." सगळी गाडी हसली. मी ओळख दाखवायची नाही असं ठरवून खिडकीबाहेर बघत बसले, पण आबांनी मागून हाक मारलीच, "बाई, ह्यातलं दोन जवान धरा की जरा!" कराडपर्यंत माझी साडी भिजली. आणि शेवटी लगेजचं तिकीटही काढावं लागलंच.

आता तिथं सावली आहे. बगळे येतात, पाणकोंबड्या येतात, जांभळाच्या दिवसांत माझी अख्खी शाळा येते. आबा बूट वाजवत हिंडतात आणि प्रत्येक झाडाला "काय रिपोर्ट?" म्हणून विचारतात. झाडांशी ही अशी अखंड बडबड, आणि सख्ख्या भावाशी मात्र एक शब्द नाही.

ते असं झालं होतं. आबा सरहद्दीवर असताना उसावर सावली पडते म्हणून तात्यांनी बांधावरचं जुनं झाड तोडलं. आबा सुटीवर आले, खोड बघितलं आणि तोंड फिरवलं. पुढे दोघांनी एकमेकांच्या पोरांची लग्नं लावली, पंगतीला बसले, अक्षता टाकल्या, पण बोलले नाहीत. मध्यस्थी करणारे थकले. मीही थकले.

गेल्या उन्हाळ्यात आबा लोणंदला लेकीकडे थोडे दिवस राहायला गेले. तेवढ्यात तात्यांच्या पोरानं ऊस तुटलेल्या रानात ठिबक बसवून टाकलं. पाणी थेंबथेंब मुळाशी, बाहेर टिपूस नाही. मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, सुटले बिचारे आबा त्या पाझरातून!

आबा परत आले आणि दुसऱ्याच सकाळी माझ्या दारात उभे. मी भाकरी थापत होते.

"बाई, गाडी काढा. तात्याकडं सोडा मला."

माझ्या हातातली भाकरी काठवटीतच मोडली. तात्याकडं? मी तवा उतरवला, पदर खोचला आणि स्कूटी काढली. आबा मागे बसले. पायांना चिखल नव्हता, नुसती धूळ होती. वळणावर त्यांचा आवाज आला, आणि तो सुभेदाराचा नव्हता.

"काल सांजंला आलो तर पाझर बंद. आज सकाळी बी न्हाई. त्यो मोटर दुसऱ्या कुनाला चालू करू देत न्हाई हो. पडला असंल कुटंतरी. न्हाईतर..."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस रोज पहाटे वरच्या बांधाशी जाऊन उभा राहायचा. मला वाटे, झाडांसाठी.

आता मी तिथं थांबून ठिबकचं सांगितलं असतं, तर स्वारी तिथूनच मागे फिरली असती. मी तशीच गाडी पिळली.

तात्या अंगणातल्या कट्ट्यावर चहात बटर बुडवून खात बसले होते. ठणठणीत. आबा गाडी थांबायच्या आत उतरले, चार पावलं पळाले आणि थबकले.

"जित्ता हाईस व्हय रं?"

इतक्या वर्षांत भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य! तात्यांचं बटर चहात बुडालं.

"मला काय धाड भरलीया, दादा?"

"मग पानी कुटं हाय?"

तात्यांना वाटलं, भांडायलाच आलाय. ते घाईनं म्हणाले, "आता न्हाई येनार पानी. ठिबक केलं. तुजं रान नासलं म्हनून मीच पोराला व्हय म्हनलं. तुला आता तरास न्हाई."

आबा कट्ट्यावर बसले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि एकदम हसायलाच लागले. "तरास? आरं येड्या, पानी आलं की मी म्हनायचो, उठला गडी. बरा हाय. काल वाटलं, संपलास." तात्यांनी आपली कपबशी भावाकडे सरकवली, बुडालेल्या बटरासकट. मी तुळशीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझेही डोळे काही ऐकत नव्हते.

थोड्या वेळानं तात्यांनी घसा खाकरला. "दादा, पर तुजी झाडं? ती आता वाळतील की. मी जरा पाट काढून देतो खाली. किती दिसानं सोडू पानी?"

आबांनी बशीतला चहा फुंकला. "थोडंच सोड," ते म्हणाले, "पर रोज सोड. सकाळचं."

"रोज? एवढ्या मोठ्या झाडांस्नी रोज पानी लागतं?" तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का वो बाई?"

आबाही माझ्याकडे बघत होते. त्या झाडांची मुळं कुठवर गेलीत, ते मला चांगलं ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा दिलं तरी पुष्कळ झालं.

"लागतं हो, तात्या," मी म्हणाले. "रोज लागतं."