पाटलीणबाईंचं अर्धं राज्य

सोनाबाई पाटलीण निवाडा देता देता मधेच उठून नवऱ्याशी भांडायला आत जायच्या. लिंबागणेशाजवळच्या आमच्या लहानशा गावात पाटीलकी दोघांची होती. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. निजामाच्या दप्तरात नाव एकट्या पाटलांचं. पण बाई सांगायच्या, "आर्धे ते, आर्धी मी." म्हणून गाव त्यांना राणीसाहेब म्हणायचं. एकुलती एक लेक चकलांब्याला दिलेली. घरात राजा-राणी दोघंच.

मी त्यांच्याच घरची भाकरी खाऊन शिकलो. त्यांना मामी म्हणायचो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. होऊन मी गावातच मास्तर म्हणून परत आलो, तेव्हा पाटील दोन वर्षं घराबाहेर आले नव्हते. "घसा बसलाय," एवढंच मामी सांगायच्या.

निवाडे ओसरीवर चालायचे. गेनबाची शेळी नामदेवाच्या ज्वारीत घुसली, तेव्हा मामींनी फर्मावलं, "शेळी आठ दिस चावडीवर बांधा." लगेच हात वर केला. "थांबा रे. दुसऱ्या अर्ध्याला इचारते."

आतून त्यांचा एकटीचाच आवाज यायचा. "आवं, दोनदा घुसलीय ती! कावून सोडायची? ... बरं बाई, तुमचंच खरं!"

बाहेर येऊन पदर सावरत म्हणाल्या, "हरले. सोडा शेळी."

माणसं चिमूट चिमूट तंबाखूची पैज लावून बसत.

"आज राणी जिंकती बघ."

"गप बे, कवा जिंकलीय?"

खरंच, त्या कधीच जिंकल्या नाहीत.

एक दिवस तहसिलीचा गिरदावर घोड्यावरून तपासणीला आला. पाटलांच्या चुलतभावानं, दादारावानं, अर्ज केला होता: पाटलाला शुद्ध नाही, पाटीलकी मला द्या.

"पाटील को बाहर बुलाव," गिरदावर म्हणाला.

"आर्धा बाहेरच हाय की," मामी म्हणाल्या.

गिरदावराला हसू आलं. "और बाकी आधा?"

मामींचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला आत नेलं. बोलणं समजावून सांगायला मलाही.

पाटील खाटेवर पडून होते. उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. मामींनी आपला हात त्यांच्या डाव्या हातात दिला. "साहेब, एकदा दाबला की व्हय, दोनदा दाबला की न्हाई." मग नवऱ्याकडं वळून, "दादारावाला गावाबाहेर काढते. ... न्हाई? आवं, त्यानं आपल्या पोटावर पाय दिलाय! मग काय, जेवाया बोलावू? ... बघा, व्हय म्हनतात!"

गिरदावराचा विश्वास बसेना. त्यानं मामींना बाजूला केलं आणि पाटलांचा हात स्वतःच्या हातात घेतला. त्याचा प्रश्न मी मराठीत सांगितला: "दादारावाला शिक्षा करायची?" हात दोनदा दाबला गेला. "जेवायला बोलवायचं?" एकदा.

गिरदावरानं पाटलांचा हात हळूच खाटेवर ठेवला. मग त्यानं कागदावर लिहिलं, पाटील पूरे होश में हैं. आणि स्वयंपाकात काय आहे ते विचारलं.

दादाराव पाटलांच्या घरी मान खाली घालून जेवला आणि गेला. चुलीपाशी मामी भांडी आवरत होत्या. मी म्हणालो, "मामी, निवाडे एवढे कडक कसे हो तुमचे? एका शेळीला आठ दिवस?"

"मुद्दाम उलटं सांगते रे," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "बरोबर सांगितलं, तर हात एकदाच दाबत्यात."