नॉर्मलचा काटकोन

आत्याबाई जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचं काहीही मोडलं नाही. इस्पितळाला ही गोष्ट फार लागली. हातापायांचे, छातीचे, डोक्याचे फोटो काढून झाले, रक्त काढून झालं, आणि मोठ्या डॉक्टरांनी पडेल चेहऱ्याने निकाल दिला, "आजी, तुमचं सगळं नॉर्मल आहे."

"मग मी निघते," म्हणत आत्याबाईंनी पायात चपला सरकवल्या.

"निघता कशा? या वयात सगळं नॉर्मल असणं नॉर्मल नाही. निरीक्षणाखाली राहावं लागेल."

"आणि बिघडलेलं निघालं असतं तर?"

"तर प्रश्नच नव्हता. गोळ्या देऊन घरी सोडलं असतं."

आत्याबाईंचा देह खाटेवर होता, पण जीव घरच्या फडताळात अडकला होता. त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या हुकमाशिवाय चमचासुद्धा कूस बदलत नसे. आणि इथे सूनबाईचे फोनवर फोन. "आई, तुम्ही निवांत पडा हं. मी तेवढ्यात साखरेचा डबा खालच्या फळीवर घेतलाय." या 'तेवढ्यात'मध्येच राज्यं बुडतात, हे आत्याबाईंना कुठल्या शाळेत जाऊन शिकावं लागलं नव्हतं.

त्यांनी डोकं चालवलं. एखादं दुखणं कबूल केलं तर सुटका तरी होईल!

"डॉक्टर, गुडघा फार दुखतो हो."

डॉक्टरांचा चेहरा आणखी उतरला. "या वयात गुडघे दुखायचेच. म्हणजे हेही नॉर्मल. केस हाताबाहेर चाललीय."

तेव्हा नॉर्मल म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला समिती बसली. जो अ‍ॅबनॉर्मल नाही तो नॉर्मल, आणि जो नॉर्मल नाही तो अ‍ॅबनॉर्मल, इथवर एकमत झालं आणि चहा आला. पुढे गाडी हलेना, म्हणून भाषेच्या प्राध्यापकांना पाचारण केलं. त्यांनी चष्मा पुसून सांगितलं, "शब्द मूळचा लॅटिन. नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन मापायचा. त्याला बरोबर लागेल ते नॉर्मल."

समितीने टाळ्या वाजवल्या. अखेर मोजता येईल असं काहीतरी हाती लागलं होतं! इस्पितळाच्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या सुताराला त्याच दुपारी 'प्रभारी नॉर्मलता अधिकारी' नेमण्यात आलं. त्याने आत्याबाईंना बाकावर बसवलं, पाठीला गुण्या लावला आणि तो चुकचुकला.

"आजी, पाठीत बाक आहे."

"अरे मेल्या, चार पोरं आणि एक नवरा वाढवलाय या पाठीने! बाक येणार नाही तर काय पालवी फुटणार?"

"मी तरी काय करू? फळी असती तर रंधा मारला असता."

"चला, बिघाड सापडला ना? द्या गोळ्या, मी निघते."

"गोळीने पाठ सरळ होत नसते," मोठे डॉक्टर म्हणाले. "पाठीला फळी बांधू. काटकोन येईपर्यंत मुक्काम इथेच."

तेवढ्यात फोन वाजला. "आई, मसाल्याचे डबेही लावून टाकले!"

आत्याबाईंचं माथं भडकलं. "सुतारदादा, नियम सगळ्यांना सारखा ना? मग लावा तो गुण्या डॉक्टरांच्या पाठीला!"

नियम सारखा नाही, असं चारचौघांत कोण म्हणणार? डॉक्टरांची पाठ मोबाइलमध्ये डोकं घालून घालून कमान झाली होती. प्राध्यापकांची प्राचार्यांपुढे वाकून. इस्पितळाच्या हिशेबनिसाची कशाने वाकली ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना फळ्या बांधून झाल्या आणि खाटा संपल्या. मोठ्या डॉक्टरांना जागा हवी, म्हणून आत्याबाईंची खाट तातडीने रिकामी करण्यात आली. जाताना त्यांनी डॉक्टरांच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. "निवांत पडा हं."

घरी येताच त्या थेट फडताळापुढे उभ्या राहिल्या. साखर हाताशी होती. मसाले हाताशी होते. टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत, कंबर कुरकुरली नाही. 'बरं लावलंय' एवढे शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले, ते आत्याबाईंनी मोठ्या कष्टाने गिळले.

"हे काय मांडून ठेवलंयस? आपल्या घरात असं नॉर्मल नसतं."

"मग नॉर्मल कसं असतं, आई?"

"मी ठेवते तसं!"

सूनबाईने साखरेचा डबा पुन्हा वरच्या फळीवर चढवला. तिलाही उद्या सून येणार आहे, हे तिने मनात नोंदवलं.

तुम्ही हसलात, छान झालं. पण शेजाऱ्यांचं घर पाहून जिना उतरताना, गेल्या खेपेला, आपल्या माणसाच्या कानात काय कुजबुजलात ते आठवा. आणि कुजबुजताना पाठ सरळ होती का, तेही.