गावंडे काकांचा मुका वर्ग

राजापेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान आहे. दर रविवारी सकाळी त्या रांगेत गळ्यात तुळशीची माळ घातलेला एक म्हातारा उभा असतो. नंबर लागला की तो म्हणतो, "गावरानी कोंबड्याचे मानेवरचे पिसं दे भाऊ. कोंबडा तुह्यापाशीच राहू दे."

दुकानदार पुडी बांधून देतो. रांगेतली गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघतात. म्हातारा पुडी खिशात टाकून घरी निघतो. हे आमचे गावंडे काका. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, काकू गेल्यापासून खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. वर मी भाडेकरू.

त्या पिसांवरून गल्लीत काय काय बोललं जायचं! कोणी म्हणे करणी करतात, कोणी म्हणे औषध करतात. खरं फक्त मला ठाऊक होतं, कारण एकदा काका वर येऊन म्हणाले, "बाई, नखाले लावाचं बिनरंगाचं पॉलिश हाय का तुमच्यापाशी?" मी बाटली दिली, ती आजतागायत परत आली नाही. काका गळाला पिसं बांधून खोट्या माश्या बनवतात आणि दोरा सुटू नये म्हणून वरून माझं पॉलिश लावतात. गांडुळ नाही, कणकेची गोळी नाही. लांब लवचीक काठीनं दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवायची आणि ती पिसांची माशी पाण्यावर अशी टेकवायची की माशाला वाटावं, खरंच किडा बसला.

"माळ घालून मासे धरता?" मी विचारलं.

"धरतो कुठी? मासोयीची भेट घेतो अन् तिले तिच्या घरी, पान्यात लावून देतो." गळाचा उलटा काटासुद्धा त्यांनी पकडीनं दाबून टाकलेला, तिला लागू नये म्हणून.

आता माझं सांगते. मी विज्ञानाची बाई. शाळेतले पीटीचे सर बदलून गेले आणि स्काउटची पोरं माझ्या गळ्यात पडली. काकांना हे कळलं मात्र, दुसऱ्याच दिवशी काठ्या घेऊन शाळेच्या फाटकात हजर. "पोट्ट्याईले शिकवतो म्हनलं." मला काय, चार हात मदतीला मिळाले. बरंच झालं की!

बरं कसलं! हा माणूस घरी इतका बोलतो की कालव्याचं पाणी कसं सोडतात ते ऐकताना माझा चहा थंड होतो. तोच मैदानावर आला की मुका. एक शब्द नाही. पोराचा स्काउटचा स्कार्फ सोडायचा, त्यानं त्याचं कोपर बरगडीला बांधायचं म्हणजे हात फाकत नाही, मनगट धरून झुलवायचं, चुकलं तर मान हलवायची, जमलं तर डोळे मिटायचे. संपला वर्ग. पोरं विचारून विचारून थकली. मी मूळची अकोल्याच्या जुन्या शहरातली. आमच्याकडे हळू बोलणाऱ्यालासुद्धा आजारी समजतात. हे मौनव्रत मला सोसेना.

"काका, तोंडानं सांगा ना जरा!"

"बोलून शिकवाले तुमी मास्तर लोक आहाच की," म्हणाले आणि काठ्या गोळा करायला लागले.

आमच्या संस्थेच्या सचिव साहेबांच्या कानावर हे गेलं. साहेब डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी ठेवतात आणि बोलतातही तसंच. "मैदानावर पाणी नाही, मास्तर बोलत नाही, आणि आजवर एक मासा कोणी पाहिला नाही! मॅडम, हा काय पोरखेळ आहे? शिबिरात एका तरी पोरानं मासा धरून दाखवावा. नाही तर वर्ग बंद."

मी काकांना सांगितलं. वाटलं, म्हणतील बंद तर बंद. पण त्यांचा चेहरा असा उतरला की मीच घाबरले. "वर्ग बंद होऊन चालत नाही बाई," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात त्यांच्या घरातला दिवा मला फार वेळ जळताना दिसायचा.

शिबीर ठरलं हिवरखेडला, काकांच्या साडूच्या शेततळ्यावर. चहूकडे सोंगणीला आलेला हरभरा, मध्ये प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं, तळ्यात चिलापी मासे. बांधावर पोरं बसली, साहेबांना खुर्ची टाकली. जेवणाआधी गाडी परत निघणार होती. तेवढीच मुदत.

काकांनी पुढे केला तो सोहम. मी कपाळाला हात लावला. हा पोट्टा वर्गात तोंड म्हणून मिटत नाही. त्याला मुका गुरू! पण त्यानं काठी झुलवली आणि माशी पाण्यावर अलगद बसली. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा पाणी गपकन फुटलं. दोरी ताठ!

तेवढ्यात साहेब खुर्चीतून उठून ओरडले, "शाब्बास! स्काउट टाळी!"

आता स्काउटच्या पोरांना टाळी म्हटलं की झालं. हात आपोआप चालतात. सगळ्या बांधावर एका तालात टाळ्या कडाडल्या, सोहम दचकून मागे वळला, दोरी सैल पडली आणि मासा गेला. एकटा तोच नाही, तळ्यातले सगळेच तळाला जाऊन बसले. पाणी एकदम निपचित. सोहम रडकुंडीला आला. साहेब घड्याळ बघायला लागले, जसं काही मासा त्यांनी नाही, आम्हीच पळवला!

मग सुरू झाला ताप. माशी पडे, तरंगे, परत येई. सोहमचा हात भरून आला. मनगट मोडून मोडून दोरीचा गुंता व्हायला लागला. तो दरवेळी काकांकडे बघे, "काका, काय चुकून राह्यलं? सांगा ना!" आणि काका गप्प. ड्रायव्हरनं गाडीचा हॉर्न दिला तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काकांचं मनगट धरून त्यांना सरळ बांधाखाली ओढलं.

"काका, हद्द झाली आता! दोन शब्द बोलायला काय जातं तुमचं? वर्ग जाईल तो जाईल, त्या पोराची काय हालत केली पाहा!"

काका खाली बघत होते. मग बोलले, अगदी हळू.

"माहा नातू ऑस्ट्रेलियात हाय. त्याले मराठी येत नाही, मले त्याचं इंग्रजी समजत नाही. तिकडं गेलो होतो त आमी दोघं दिवसभर सोफ्यावर बसून राहो. जेवला काय म्हनलं त तो बापाकडे पाहे. एक दिवस पोरानं आमाले तयावर नेलं. तिथं एक बुढा अशीच दोरी फेकून राह्यला होता. नातवानं मोबाईल खाली ठेवला बाई. पह्यल्यांदा ठेवला. तवाच ठरवलं, हे आपल्याले आलं पाह्यजे."

"मग बोलवा ना त्याला इकडे!"

"कोन्या तोंडानं बोलावू? इथंई तसाच बसून राह्यला त? पोरगा दरसाल इचारते, येऊ काय बाबा. मीच काही ना काही सांगून टायतो. म्हनलं, आंधी पाहू, एकही शब्द न बोलता एखाद्या पोट्ट्याले शिकवता येते काय. येत असन त बोलावतो. नाही त नाही."

मला भडभडून आलं. एवढं बोलणारा हा माणूस स्वतःच्या नातवापुढे मुका होता, आणि ती भीती घेऊन तो दर शनिवारी आमच्या मैदानावर उभा राहत होता. बांधावर येऊन मी ड्रायव्हरला दटावलं, "हॉर्न वाजवला तर याद राख!" पोरांना सांगितलं, "हात मांडीखाली दाबून बसा. टाळी नाही, ब्र नाही." आणि साहेबांकडे असं पाहिलं की तेही बसले.

काकांनी सोहमचं कोपर पुन्हा स्कार्फनं बांधलं. मागे उभं राहून त्याचं मनगट हातात घेतलं आणि झुलवत राहिले. एकदा, दोनदा. मग बोटं हळूच सोडून दिली. पोराला कळलंही नसावं. हात एकटाच चालत राहिला. माशी पाण्यावर बसली.

मी देवाला हात जोडले नाहीत एवढंच. पाणी शांत. शांत. आणि फुटलं!

कोणी हललं नाही. सोहमनं काठी उचलली, दोरी पाणी कापत गेली, मासा इकडे धावला, तिकडे धावला. काका दोन पावलं मागे, मुठी आवळून. शेवटी सोहमनं दुसऱ्या हातानं धरलेल्या जाळीत चिलापी आली, तळहाताएवढी, काळसर, जिवंत. सोहमनं काटा काढला, तिला पाण्यात सोडलं आणि काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे मिटले. या वेळी ते लवकर उघडेनात. बांधावर एक पोरगं तोंडात स्कार्फ कोंबून बसलं होतं, ओरडू नये म्हणून.

"ठीक आहे, वर्ग चालू ठेवा," साहेब म्हणाले. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते खिसे चाचपत होते. फोन काढून माझ्या हातात दिला. "बाई, माह्या पोराले लावून द्या. थो दिसते तसा."

व्हिडिओ लागला. मुलगा घाबरला, "काय झालं बाबा?" काका म्हणाले, "काही नाही. तुह्या पोराले दे." पडद्यावर एक कुरळ्या केसांचा पोरगा आला, कंटाळलेल्या तोंडाचा. काका त्याला काहीच बोलले नाहीत. मला फोन धरून उभं केलं, काठी घेतली आणि झुलवली. दोरी हवेत उलगडली आणि माशी तळ्याच्या मधोमध जाऊन टेकली.

पोरगा पडद्याच्या अगदी जवळ आला. काहीतरी बोलला.

"काय म्हनते थो?" काका माझ्याकडे न बघताच.

"पुन्हा दाखवा म्हणतो, काका."

काकांनी दोरी उचलली. पण या वेळी इतक्या घाईत झुलवली की माशी पाण्याऐवजी मागे गेली आणि सचिव साहेबांची टोपी उचलून तळ्यात घेऊन गेली. कडक इस्त्रीची टोपी चिलाप्यांमध्ये तरंगायला लागली. तिकडे ऑस्ट्रेलियात पोरगं पोट धरून खदाखदा हसायला लागलं, थांबेचना.

मी सवयीनं तोंड उघडलं, तसा काकांनी हात वर केला. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"हे नोका सांगू बाई," ते म्हणाले. "हे समजलं मले."